फोटोंच्या रांगेतला टीव्ही

आयुष्यभर इतरांची पुस्तके शिकवली आणि निवृत्तीनंतर, बऱ्याच संकोचाने, स्वतः लिहायला बसले. त्यात पहिली आठवण टीव्हीची निघावी, याचे मलाही नवल वाटते. परंतु आमच्या नांदेडच्या घरात सर्वस्वी माझ्या निवडीने आलेली मोठी वस्तू ती एकच. फ्रिज, कपाट, पडद्यांचे कापडसुद्धा दुसऱ्यांनी ठरवले होते, आणि मला ते सोयीचेच वाटत आले होते.

पातळ एलसीडी टीव्ही मी प्रथम माहेरी, औशाला पाहिला. भावाने तो बुटक्या कपाटावर ठेवला होता. पडद्यावर ज्वारीचे शेत होते आणि कणसातला दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. आमच्या घरचा जुना टीव्ही म्हणजे पोट मागे निघालेला अवजड डबा. त्यात शेत दाखवले तर एक हिरवा पट्टा दिसे. मी त्या ज्वारीकडे किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. भावजय म्हणाली, "वन्सं, चहा निवून राहिला."

दुकानात प्रश्न मी विचारले. चित्र एचडी आहे का, सेट टॉप बॉक्सची वायर कुठे लागते, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालेल का. दुकानदार प्रत्येक उत्तर माझ्या यजमानांना देत होता. शेवटी तेच म्हणाले, "त्यांना सांगा. टीव्ही त्या घेऊन राहिल्यात." एवढ्याने माझे कान तापले, पण निवड मीच केली.

टीव्ही घरी आला तो श्रावणातला सोमवार होता. त्याच दिवशी थोरले दीर मामांना घेऊन गावाहून आले. आमचे गाव बिलोली तालुक्यात. शेती दीर पाहतात. मामा म्हणजे माझे सासरे. गुडघ्याच्या उपचारासाठी ते महिनाभर आमच्याकडे राहणार होते. टीव्हीला हळदकुंकू लागले, नारळ फुटला, आणि दिरांनी ड्रिल मशीन हातात घेतले.

"मानाची वस्तू हाय, खाली कशाला?" ते म्हणाले. बैठकीच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, देवांच्या तसबिरी, आजेसासऱ्यांचा फोटो आणि घड्याळ अशी रांग होती. घड्याळ काढून त्यांनी तिथे ब्रॅकेट ठोकले आणि त्यावर टीव्ही बसवला, भिंतीला अगदी सपाट. इतका हलका आणि पाटीसारखा पातळ, की रांगेत तो आणखी एक फोटोच वाटला. आमच्याकडे फोटो असेच लावतात, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगे दिसले नाही, मलाही नाही.

आम्ही सगळे जमिनीवर सतरंजीवर बसणारे. मामांना तर खुर्ची परकी वाटते. माना वर करून आम्ही पाहू लागलो. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा काळवंडलेला, आभाळ मातकट, केस आणि पदर यांचा एकच डाग. शेजारच्या काकू मुद्दाम पाहायला आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "काय वो, टीव्हीच्या आत लोडशेडिंग हाय का?"

दीर रिमोटची बटणे दाबत राहिले. उजेड वाढवला तर काळ्याचे राखाडी झाले, इतकेच. "म्याडमनी पसंत केलेला हाय," ते म्हणाले. "म्याडमला पुस्तकातलं कळतं. येत्या रविवारी येतो, दुकानात वापस देऊ अन् जुन्यावानीच आणू."

याहून मामांचे बोलणे लागले. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते पडद्याकडे पाठ करून बसले. मी विचारले तर म्हणाले, "टीव्हीला बोल लावू नको, माय. माझेच डोळे गेले असतील. निस्तं ऐकतो." शेताकडे पाहून पिकाचा आजार सांगणारा हा माणूस. गावाकडे त्यांनी अलीकडे पिकाविषयी बोलणेच सोडले होते, असे दीर मागे सहज म्हणाले होते. आता माझ्या टीव्हीने त्यांच्या मनातल्या शंकेवर शिक्का मारला होता. टीव्ही परत गेला असता तर माझी फक्त फजिती झाली असती. मामा मात्र आपले डोळे संपले असे धरून गावी परतले असते.

शनिवारी दुपारी जळमटे काढायला मी स्टुलावर चढले. टीव्ही चालू होता, आवाज मामांसाठी. झाडू हातात घेऊन मान वळवली आणि तशीच उभी राहिले. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांच्या पातळीवर होता आणि लख्ख होता. आभाळ निळे, पदराची जर वेगळी, कपाळावरच्या टिकलीची कडासुद्धा रेखीव. मी खाली उतरले, चित्र काळवंडले. चढले, पुन्हा उजळले. मामा म्हणाले, "काय करून राहिलीस माय, पडशील ना."

रविवारी दीर आले तेव्हा मला बोलायचे होते आणि बोलवत नव्हते. थोरल्या दिरांना त्यांचे काम चुकले असे कसे सांगावे? त्यांनी पाना हातात घेतला तेव्हा मी स्टूल पुढे सरकवले आणि एवढेच म्हणाले, "भाऊजी, काढायच्या आधी वर चढून एकदा बघता का?"

ते चढले. चढले ते उतरेनात. क्रिकेटचा सामना चालू होता.

"काय झालं रं?" मामांनी विचारले.

"आबा, गवताची काडी न् काडी दिसायली की."

"मग आता पाहुण्यांना बी एकेक स्टूल द्यायचं का?"

दीर आधी हसले, मग माझ्याकडे पाहून जरा ओशाळले. "म्हंजी ह्याला समोरून बघावं लागतंय."

"खालून पाहिलं की काळा दिसतो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

पुढचे काम त्यांनीच केले. लोखंडी ट्रंक भिंतीशी ओढली, तीवर जाड चादर घातली आणि टीव्ही त्याच्या खोक्यात आलेल्या पायांवर उभा केला. आता तो बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर होता. आवाज थोडा बारीक आहे. पातळ अंगात मोठा आवाज मावत नसावा. तेवढे उणे मी मान्य करते.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला. मी मामांना हाताला धरून वळवून बसवले. पडद्यावर सोयाबीनचे रान होते, मग एकच झाड जवळून दाखवले. निवेदक अजून पावसाविषयीच बोलत होता. मामा पुढे झुकले.

"थांब. त्या देठाला बघ. दोन चक्रं हायत, एकाखाली एक. चक्रीभुंगा हाय हा."

आम्ही पाहिले. हिरव्या देठावर खरोखरच दोन बारीक वळी होती. निवेदक त्या किडीवर आला तोवर दिरांनी सालगड्याला फोन लावला होता. "वरची पानं सुकून राहिलीत म्हणालास ना? देठ बघ. आबा सांगून राहिलेत." मग फोन त्यांनी मामांच्याच हातात दिला. मामा बराच वेळ बोलले. जुन्या, ठाम आवाजात.

महिन्याने मामा गावी गेले ते दिरांशी पिकावर वाद घालतच.

टीव्ही अजून त्या ट्रंकेवर आहे. रांगेत घड्याळ परत आले, पण ब्रॅकेटची भोके त्याच्यामागून थोडी दिसतात. मी ती बुजवू दिलेली नाहीत. मामा आले की पाहुण्यांना उभे राहून पाहू देत नाहीत. "खाली बसा," ते सांगतात, "हा बसून बघायचा टीव्ही हाय. आमच्या सूनबाईनं पसंत केलेला." तेव्हा मी आत निघून जाते, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच; तिथून त्यांचे पुढचे बोलणेही ऐकू येते.