पायाखालच्याला तेल

मी कॉलेजात प्राचीन सैन्यांचा इतिहास शिकवतो. आमच्या पुस्तकांत राजे लढतात, शिपाई नुसते पडतात.

बोरगावच्या अलीकडं एक वीरगळ आहे, जुन्या लढाईत कामी आलेल्या वीराचा कोरीव दगड. अमावस्येला गाव त्याला तेल घालतं. एक म्हातारी मात्र सगळ्यांच्या मागून यायची, पदराखाली वाटी धरून, आणि वाकून वीराच्या पायाखाली चिरडलेल्या माणसालाच तेल लावायची. न्हाऊ घालायच्या लेकराला चोळावं तसं, टाळूपासून.

एकदा मला राहवलं नाही. "आक्का, वीर तो वरचा. हा वैऱ्याकडचा शिपाई."

"ठावं हाय की. वरच्याला गाव हाय. ह्येला कोण हाय?"

तिचं बोट त्या कपाळावर थांबलं.

"माझा ल्योक मिल्ट्रीत हुता. जित्ता आला. गावानं हार घातलं, मिरवणूक काढली. तवाधरनं भिंतीकडं तोंड करून बसतोय. एकदाच बोलला, 'आई, मी मारला त्यो माझ्याच वयाचा हुता.'"

तिनं वाटी बोटानं निपटली. उरलेलं तेल त्या दगडी टाळूवर थापलं.

"त्येच्या आईनं तेल कुठं घालायचं रं बाबा?"