साडूभाऊंचं पुढचं चाक

सुरतेतल्या सगळ्या माणसांना पुरून उरेल एवढी भीती देवाने एकट्या माझ्या साडूंना देऊन ठेवली आहे. गॅसचा कॉक बंद करून आले की ते पुन्हा जाऊन तो बंद आहे का पाहतात, आणि पाहताना आपल्याच हाताने तो चालू तर झाला नाही ना, हे बघायला बायकोला पाठवतात. लिफ्टमध्ये बसत नाहीत, कारण ती अडकेल. जिन्याने जातात, पण कठड्याला हात लावत नाहीत, कारण त्यात करंट उतरला असेल. माझं लग्न ठरलं तेव्हा थोरले जावई या नात्याने त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नीट विचार केलाय ना?" मी हादरलो. म्हटलं, सासरचं काहीतरी गुपित असणार. पुढे कळलं की नवा मोबाईल घेणाऱ्यालाही ते हेच विचारतात आणि भर उन्हाळ्यात आइस्क्रीम खाणाऱ्यालाही.

आम्ही दोघेही मूळचे धुळ्याकडचे. ते बमरोलीत राहतात आणि पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये फिटर आहेत. यंत्रांना मात्र ते मुळीच भीत नाहीत, कारण यंत्राचा नट पान्ह्याने आवळला की तो तिथे राहतो, माणसांसारखा मनाला येईल तसा वागत नाही. अशा माणसाला शुगर निघाली. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, दीपालीने, त्यांना चांगली गिअरची सायकल आणून दिली. ती तेव्हा इच्छापोरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करत होती. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दाखवलं की हिच्या पुढच्या चाकाला पान्हा लागतच नाही, बाजूची एक कळ उघडली की चाक हातात येतं. झालं! साडूभाऊंच्या तोंडचं पाणीच पळालं. जे पान्ह्याशिवाय निघतं ते चोरालाही निघणार, आणि जे चोराला निघतं ते भर रस्त्यात आपलं आपणही निघणार.

त्या दिवसापासून त्यांचे चोवीस तास या दोन भीतींनी आपसांत वाटून घेतले. चोराच्या भीतीने ते संध्याकाळी चाक काढून घरात नेत आणि उशाशी ठेवून झोपत. पडायच्या भीतीने सकाळी ते बसवून घाम फुटेपर्यंत आवळत. भाजी घ्यायला गेले तरी सायकल खांबाला बांधून चाक काखेत. नंदुरबारला नात्यात एक लग्न होतं, तिथेही सायकल सुरतेला कुलपात ठेवून हे चाक घेऊन गाडीत बसले. मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नवरीच्या मामाने आहेर समजून दोन्ही हात पुढे केले. पंगतीत चाक शेजारच्या पाटावर टेकवून ठेवलेलं पाहून माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, वाढता वाढता थांबली आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "चाकले बी पत्रावळ मांडू का?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले की नको, त्याला भूक नाही.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दीपालीला मैत्रिणींबरोबर डुमसच्या समुद्रावर जायचं होतं, वडिलांचीच सायकल घेऊन. डुमसचा रस्ता, त्यावरचे डंपर, भरधाव गाड्या, हे सगळं साडूभाऊंनी तिला आदल्या दिवसापासून ऐकवलं असणार, कारण ती घाईघाईने बूट घालत होती. हे चाकाशी बसले होते. कळ उघडीच ठेवून ते ती गोल गोल फिरवत होते, मिलमध्ये नट फिरवावा तशी. शेवटी अगदी हलेना तेव्हा त्यांनी हात पुसले. कळ बाहेर कानासारखी उभी राहिली होती. पोरगी आमच्या पाया पडली आणि गेली.

चहा पिताना मी सहज म्हणालो, "साडूभाऊ, ती कळ दुमडून चाक धरणाऱ्या चिमट्याला लावायची असते ना?" ते म्हणाले की छे, दुमडली की ढिली पडणार, गोल फिरवल्याशिवाय काही घट्ट होतं का कुठे. मला राहवेना. मी दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो गुजरातीत म्हणाला, "अरे काका, ए फेरववानुं नथी, दबाववानुं छे. व्हील नीकळी जशे." फिरवायचं नाही, दाबायचं, नाहीतर चाक निघून जाईल, हे समजायला गुजराती यावं लागत नाही. साडूभाऊंच्या हातातली बशी खाली आली. आयुष्यभर ज्या माणसाने न घडलेल्या गोष्टींची भीती बाळगली, त्याच्यासमोर आता खरोखरची भीती येऊन बसली, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने आवळून मुलीला दिली होती.

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. एरवी मागे बसून "हळू, हळू" असा जप करणारा हा माणूस त्या दिवशी नुसता माझा खांदा धरून होता, आणि तो खांदा मला पुढे चार दिवस दुखत होता. दीपालीचा फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. मला तर प्रत्येक वळणावर वाटायचं की आता पुढे माणसं गोळा झालेली दिसणार. पिपलोदच्या पुढे एका ठिकाणी खरंच गर्दी दिसली. मी स्कूटर थांबवली. जवळ गेलो तर शहाळीवाला होता. तेवढ्या वेळात साडूभाऊ मागून उतरले होते आणि रस्त्यावर कुठे चाक पडलंय का, ते शोधत होते. त्यांना पुन्हा स्कूटरवर बसवायला मला हाताला धरून आणावं लागलं.

दीपाली डुमसला टोमॅटोची भजी खात होती. आमची तोंडं पाहून तिने प्लेट खाली ठेवली. साडूभाऊ तिच्याकडे गेलेच नाहीत, थेट सायकलपाशी जाऊन खाली बसले. कळ व्यवस्थित दुमडून चिमट्याला चिकटलेली होती.

"पप्पा, तुम्ही रोज फिरवता," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही निघायच्या आधी पाण्याची बाटली लावायला म्हणून मी रोज खाली येते ना, तेव्हा ती नीट बसवते. आजही गल्लीच्या टोकाला थांबून बसवली."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत सायकलवर बसला असता का?"

तिने त्यांना तिथेच शिकवलं. दुसऱ्या बाजूचा नट बोटांनी एवढाच फिरवायचा की कळ अर्ध्यावर आली की अडू लागेल. मग तळव्याने जोर लावून ती पुरती बंद करायची. तळव्यावर वळ उठला तर बसली, नाही उठला तर उघडून पुन्हा. शेवटी सायकल उचलून चाकावर वरून एक थाप. साडूभाऊंनी वाळूत बसून ते इतक्या वेळा केलं की भजीवाला गिऱ्हाईक सोडून पाहायला आला.

वर्षभरात दीपालीला बडोद्याला नोकरी लागली. जाताना तिने एकच अट घातली, रोज सकाळी चाक बसवलं की तळहाताचा फोटो पाठवायचा. आता भ्यायची पाळी तिची होती. साडूभाऊंनी हे काम देवपूजेसारखं सांभाळलं. तळहातावर लाल वळ, मागे बमरोलीची गल्ली, आणि लगेच तिचं "निघा."

परवा सकाळी मला तिचा फोन आला. फोटो आला नव्हता आणि पप्पा फोन उचलत नव्हते. गेलो तर साडूभाऊ सायकलपुढे बसलेले, फोन आत चार्जिंगला. नुकताच चिकनगुनिया होऊन गेला होता. ताप गेला, पण बोटं मिटत नव्हती. "ढकलतोय हो," ते म्हणाले, "पण वळच उठत नाही. तिला सांगू नका, ती घाबरेल."

मला काय करावं सुचेना. त्यांचा तो सुजलेला हात बघवत नव्हता. मी खाली बसलो, कळ दाबून बंद केली, माझ्या तळहातावर वळ उठला. तोच फोटो काढून त्यांच्या फोनवरून पाठवून दिला. म्हटलं, हात तो हात. श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही, तोच तिचं उत्तर आलं.

"काका, हा तुमचा हात आहे. पप्पा कुठे आहेत?"

साडूभाऊंनी फोन लांब धरून ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले की लावा तिला. ती पलीकडून रडत होती, मला ऐकू येत होतं. आणि ते दुखऱ्या बोटांत फोन कसाबसा धरून तिला सांगत होते, "काही नाही बेटा, घाबरण्यासारखं काहीच नाही." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.