पितृपक्षातलं कुत्र्याचं पान

आमच्या कुत्र्याला तूप पचत नव्हतं, आणि आमचं घर पुरानी बस्तीतल्या अशा गल्लीत होतं जिथे तुपाशिवाय माया दाखवायची रीतच नव्हती. या दोन गोष्टींचा मेळ घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. पण मीही वर्ध्याची. एकदा नाही म्हटलं की नाही.

कुत्रा म्हणजे पांढरा पामेरियन. दिसायला उशीएवढा, पण अंघोळ घातली की निम्मा उरायचा. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले त्या सुमारास त्यांच्या साहेबाची बदली झाली आणि जाताना तो हे पिल्लू यांच्या हातात ठेवून गेला. आयुष्यभर "घरात कुत्रं नको" म्हणणारे सासरे महिन्याभरात त्याला मांडीवर घेऊन पेपर वाचायला लागले.

पुढे सासऱ्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मीठ कमी केलं, तूप आणि तळण बंद केलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी स्वयंपाकघरात असा पहारा बसवला की काय सांगू! उकडलेला दुधी, मऊ भात, बिनफोडणीचं वरण. सासरे ताटाकडे बघून तोंड वाकडं करत आणि सासूबाईंची पाठ वळली की दुधीची फोड हळूच पाटाखाली सरकवत. कुत्रा वास घेई आणि ती तिथेच टाकून निघून जाई. चोरी उघडी पडायची. सासूबाई ती फोड उचलून, दुसरी ताजी वाढून, समोर बसून खायला लावत. सासऱ्यांना तळण बंद झालं तेव्हापासून सासूबाईंनी स्वतःही तळण तोंडात घातलं नव्हतं. सणावारी आम्हाला तळून वाढत आणि आपण दुधी-भात घेऊन सासऱ्यांच्या शेजारी बसत.

सासरे गेले ते आषाढात. त्यानंतर सासूबाईंनी पहारा उठवला. त्यांनी कुत्र्याला तुपात भिजवलेली पोळी, शिरा, भजी असं काय काय चारायला सुरुवात केली. मी चारदा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. माझी सकाळ कचेरीच्या घाईत जायची. राज्य नवं, आमचं शहर त्याची नवी राजधानी, कचेरी नवी, खुर्च्या तेवढ्या जुन्या राजधानीतून, भोपाळहून आलेल्या. नवरा बिलासपूरला रेल्वेत, रविवारी घरी येणारा. घरात आम्ही दोघी आणि हा.

वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याला खीर, पुऱ्या, वडे असं भरपेट जेवण मिळालं. दुसऱ्या दिवशी तो पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसला. पाणीसुद्धा पोटात ठरेना. पोटाला हात लावला की कण्हायचा. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि शंकर नगरला नव्यानेच निघालेल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सरळच विचारलं, "क्या खिलाया था?"

सासूबाईंनी यादी सांगितली. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता.

"माताजी, ये छोटी नस्ल है. इसका पेट मुट्ठी भर का है. आपके लिए जो एक पूरी है, इसके लिए पूरी दावत है. पैंक्रियास सूज गया है. अभी तो बच जाएगा. दोबारा तेल-घी गया, तो मेरे पास मत लाना, मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसतात तेव्हा त्यांना पटलेलं असतं असं नाही, हे मला एव्हाना कळलं होतं.

कुत्रा घरी आला आणि मी कंबर कसली. आधी सदर बाजारातल्या एका दुकानातून तयार खाण्याचं पाकीट आणलं. पाकिटावर वाघाएवढ्या कुत्र्याचं चित्र. दुकानदार म्हणाला, "दीदी, कुत्ता तो कुत्ता है, सब खाते हैं." आतले दाणे सुपारीएवढे. आमच्या साहेबांनी एक दाणा तोंडात धरून घरभर फिरवला आणि सोफ्याखाली नेऊन ठेवला. मग लहान जातीसाठीचं, कमी चरबीचं पाकीट मागवून घेतलं. ते त्याने खाल्लं, पण उपकार केल्यासारखं. शेवटी डॉक्टरांना विचारून घरचंच ठरवलं: मऊ भात, उकडलेला दुधी, मुगाचं पातळ वरण, आणि अंड्याचा पांढरा भाग. अंडं मागच्या अंगणात, वेगळ्या स्टोव्हवर, सासूबाईंची पूजा आटोपल्यावर. मीठ नाही, फोडणी नाही, एका वेळी छोटी वाटीभर. तो वाटीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, मोठा उसासा टाकायचा. टाक म्हटलं. उपाशी राहिलास तर संध्याकाळी आपसूक खाशील. आणि खायचाही.

तेवढ्यात पितृपक्ष लागला.

पितरांच्या जेवणात कावळ्याचा घास असतो, गाईचा असतो, तसा कुत्र्याचाही असतो. कुत्रा जेवला म्हणजे पितर पावले. कावळे आमच्याकडे भरपूर होते, गाय चौकात बसलेलीच असायची. अडचण कुत्र्यांची होती. राजधानी झाली तशी बाहेर रस्त्यावर नवी नवी हॉटेलं उघडली, आणि आमच्या गल्लीतली भटकी कुत्री जणू बदली मागून हॉटेलांच्या मागे राहायला गेली. गल्लीत हाताशी असलेला एकच कुत्रा उरला, आमचा. पांढराशुभ्र, अंघोळ घातलेला, न चावणारा. पितरांना याहून चांगला कुठून मिळणार?

पहिल्याच सकाळी समोरच्या घरातली म्हातारी पानाच्या द्रोणात खीर आणि उडदाचे बरे, म्हणजे इकडचे वडे, घेऊन दारात हजर. मागे आणखी दोघी. "दीदी, कुत्ते को बुला दो."

मी जाळीचं दार लावून घेतलं आणि आत उभी राहिले. "अम्मा, ये बीमार है. ये सब खाएगा तो मर जाएगा."

"पितर का परसाद है बेटी. परसाद खाके कोई मरता है?"

"आदमी नहीं मरता होगा. ये मरेगा."

"तो हमारे ससुरजी भूखे जाएँगे?"

आता आली पंचाईत. दुसऱ्याच्या सासऱ्यांना उपाशी पाठवायचा मला काय अधिकार? पण जाळीच्या आत हा पठ्ठ्या मागच्या दोन पायांवर उभा राहून, खिरीच्या वासाने नाचत होता. त्याच्या पोटावरचे केस दवाखान्यात काढले होते ते अजून पुरते उगवले नव्हते. मी हात बाहेर काढला. "लाओ अम्मा. ससुरजी भूखे नहीं जाएँगे. मैं खुद खिला के आऊँगी."

त्या दिवसापासून माझा नेम झाला. सकाळी गल्लीतले द्रोण एका मोठ्या डब्यात रचायचे, डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवायचा आणि कचेरीला जाता जाता हॉटेलांच्या मागे थांबून तिथल्या कुत्र्यांना वाढायचं. अख्ख्या गल्लीचे पितर माझ्या डिक्कीत! खड्डा आला की मी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागायची. कचेरीत उशीर झाला की साहेब विचारत, "आज किसके पिताजी थे?" हसोत बापडे. गल्लीत आधी माझ्याबद्दल कुजबुज झाली, मग बायका आपणहूनच द्रोण आणून द्यायला लागल्या. समोरची म्हातारी तर विचारायची, "काले वाले ने खाया कि भूरे ने?" तिचे सासरे काळेसावळे होते म्हणे.

गल्ली जिंकली. घर राहिलं होतं.

आमच्या सासऱ्यांची तिथी आली. आदल्या संध्याकाळी सासूबाई वड्यांसाठी उडदाची डाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, उद्याचा कुत्र्याचा घास पण डब्यात देऊन द्या. मी नेतो."

त्यांनी मान वर केली नाही. "आपला घास हॉटेलमागं नाही जात."

"काहून?"

"त्या कुत्र्यायले हे ओळखत होते का? ह्यायचा घास ह्यायच्याच कुत्र्याच्या तोंडात जाईन."

"नाही जाणार, आई. डॉक्टरनं काय सांगतलं ते तुम्ही ऐकलं ना."

"एक वडा. एका वड्यानं काय होते?"

"मरते तो. एका वड्यानं मरते."

मी आवाज चढवला होता. त्यांच्याशी इतक्या वर्षांत चढवला नव्हता. त्यांनी डाळीची परात बाजूला सारली. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण त्या रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"हे गेले त्याच्या आदल्या पोळ्याले मी तुमच्यासाठी वडे तळून राहिली होती," त्या म्हणाल्या. "हे दारात येऊन उभे झाले. म्हणे, अर्धाच दे वं. अर्धा. लहान पोट्ट्यासारखे हात पुढं करून. मी नाही दिला. हातातला झारा दाखवला त्यायले. पुढच्या पोळ्याले ते नव्हतेच. आता तुले सांगतो, हे कुत्रं खाते तवा मले वाटते, त्यायच्या पोटात जाऊन राहिलं. तू तेबी नको म्हणून राहिली."

म्हणजे वर्षभराची तुपातली पोळी, शिरा, भजी, सगळं त्या अर्ध्या वड्यापायी होतं. मी त्यांच्या बायकी हट्टावर चिडत होते आणि त्या बिचाऱ्या नवऱ्याला जेवू घालत होत्या. घालू दे एक वडा, असंही क्षणभर मनात आलं. पण मला तो दवाखान्यातला टॉवेल आठवला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, दुखणं निघाल्यावरही ते इतकी वर्षं आपल्यात बसले, ते त्या दुधीमुळं. तुम्ही झारा दाखवला म्हणून. मी नवी नवी आली होती, मले वाटे, किती कठोर बाई आहे ही. आता मी तेच करून राहिली. तुमचंच पाहून शिकली. मी वडा नाही देणार त्याले. तुम्ही रडल्या तरी नाही देणार."

त्यांनी पदराने डोळे पुसले. परात जवळ ओढली आणि पुन्हा डाळ निवडू लागल्या. त्यांना पटलं की नाही, मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा सुट्टी घेऊन आला. श्राद्ध झालं. वडे तळले गेले, घरभर वास दरवळला आणि कुत्र्याने भुंकून घर डोक्यावर घेतलं. मी त्याला काखेत घट्ट धरून उभी होते. कोणी काही म्हणो, आज मी त्याला सोडणार नव्हते. सासूबाईंनी कावळ्याचं पान वाढलं, गाईचं वाढलं. मग तिसरं पान घेतलं. त्यावर एक वडा ठेवला. बघत राहिल्या. उचलून त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही कावळ्याच्या पानावर नेऊन ठेवले. आत गेल्या, आणि माझ्या पातेल्यातला दुधी-भात घेऊन आल्या. पानावर वाढला, आपल्या हाताने मऊ कालवला.

"सोड त्याले," त्या म्हणाल्या.

मी सोडलं. तो धावत पानापाशी गेला, वास घेतला आणि तोंड फिरवून वड्यांच्या टोपल्याकडे बघत भुंकायला लागला.

"भुंक किती भुंकाचं ते," सासूबाई त्याला म्हणाल्या. भात लागलेला हात त्यांनी पुढेच धरला होता. "त्यायले नाही दिला, तुलेबी नाही देणार. मले अजून पाहिजेस तू. खा चुपचाप."

तो आणखी थोडा वेळ भुंकला. मग जवळ आला आणि त्यांच्या बोटांवरचा भात नाइलाजाने चाटू लागला.

"तेबी असेच जेवत," त्या म्हणाल्या, "तोंड वाकडं करून." आणि त्यांनी दुसरा घास कालवायला घेतला.