लीलाधरभाऊंचं कर्ज आणि माझी सही

लीलाधर भोळे हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. वरणगावच्या फॅक्टरीत आम्ही दोघांनी एकाच वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य काढलं, पण या भल्या माणसानं मला जेवढं छळलं तेवढं एकाही फोरमनला जमलं नाही.

त्यांनी घर बांधलं ते कामगार पतपेढीच्या कर्जावर, सोळा टक्क्यांनी. जामीन म्हणून सही माझी. पतपेढीचा नियम असा की, घरकर्जाला जामीन राहिलेल्याला ते फिटेपर्यंत स्वतःला मोठं कर्ज नाही. इकडे माझ्या घरावर पत्रे. मे महिन्यात आमच्या भागात पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं, आणि तिथं माझी म्हातारी आई. मला स्लॅब टाकायचा होता. सही सुटल्याशिवाय तो पडणार नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली भुसावळची एक बँक तेरा टक्क्यांनी घरकर्ज द्यायला लागली, तेही नुसत्या घराच्या कागदांवर. मी धावतच गेलो. "भाऊ, कर्ज तिकडे वळवा, हप्ता कमी होईन." स्लॅबचं मात्र तोंडातून निघेना. एवढ्या सज्जन माणसाला 'माझी सही सोडवा' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"विचार करतो," ते म्हणाले.

झालं! त्यांनी जामनेरच्या मामांना विचारलं. मामा म्हणाले, बँक घर गिळते. दोंडाईच्याच्या साडूंना विचारलं. ते म्हणाले, लगेच करा. म्हणून यांना साडूंचाच संशय आला. थंडीत मळ्यावर भरताची पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली आणि लीलाधरभाऊ प्रत्येकाला व्याजाचं विचारत फिरले. वांग्यांचा कोळसा झाला. जन्मात बँकेची पायरी न चढलेले उखर्डूनाना म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहा." यांनी मान डोलावली. एक गरम वांगं फेकून मारावंसं वाटलं मला.

पुढच्या मे महिन्यात आईला ऊन लागलं. सलाइन लावून घरी आणली. लीलाधरभाऊ सुनंदावहिनींना घेऊन भेटायला आले. चहा होईस्तोवर मी सवयीनं पुन्हा बँकेचं काढलं. वहिनी वैतागल्या.

"ते नही करत, भाऊजी. तुमची सही काढली तं लोकं म्हनतीन, दोस्तावर भरोसा नही राह्यला. तुमाले वाईट वाटीन म्हनून बसले!"

माझं डोकंच फिरलं. "अरे, वाईट काय वाटीन त्याच्यात! त्या सहीपायी मले कर्ज भेटत नही. स्लॅब अडला माह्या!" आयुष्यात पहिल्यांदा मी भाऊंना अरे म्हणालो.

भाऊ पत्र्याकडे पाहत राहिले. मग माझ्याहून मोठ्यानं ओरडले, "अन् हे तू मले आज सांगतो? भिडंपायी मायले पत्र्याखाले भाजत ठेवलं?"

ते तसेच उठले, रिक्षा घेऊन आले. आईला आपल्या स्लॅबच्या घरी न्यायचं ठरवलं, आणि या वेळी कुणालाही विचारलं नाही. बँकेत ते सोमवारी गेलेच, पण माझ्या लक्षात राहिली ती संध्याकाळ. आईला रिक्षात बसवताना ती माझा हात धरून म्हणाली, "मले वाटे, तुह्याजवळ पैसे नही. म्हनून उन्हाचं मी कधी बोलली नही."