आण्णांचं पिस्तूल आणि भानुदास हवालदार

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आण्णा गेले, त्यांनाही सांगितलं नाही. देवापुढं हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा या एका गोष्टीला बगल देऊन पुढचं मागणं मागतो. आज तुम्हाला सांगतोय. का सांगतोय ते विचारू नका — तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे आहे. आणि मधेच मी भरकटायला लागलो तर समजून घ्या, की घाबरलोय.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याजवळ. आण्णा म्हणजे माझे वडील — पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेले, आवाज मोठा, राग त्याहून मोठा. त्यांच्याकडं एक पिस्तूल होतं. बत्तीस बोअरचं, जर्मन बनावटीचं, आजोबांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतलेलं, रीतसर लायसनचं. आता बीडच्या माणसानं पिस्तुलाचं नाव काढलं म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते कळलं मला. तसलं काही नाही हो! माझ्या हयातीत त्यातून एक गोळी सुटलेली नाही. वर्षभर कपाटात आणि दसऱ्याला पाटावर, एवढाच त्याचा प्रवास. पण देखणं लई. बारीक नळी, अंगावर निळसर काळी झाक, मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पट्ट्या. मला ते कधी हातात मिळालं नाही. सव्वीस वर्षांचा झालो, लग्न झालं, तरी आण्णांचं एकच — "ठेव ते. तुझं काम न्हाई."

हे वाक्य मला किती लागायचं, ते तुम्हाला कसं सांगू? ट्रॅक्टर माझ्या हातात, शेती माझ्या हातात, आणि हे तेवढं माझं काम नाही?

त्या वर्षी भादव्यात आण्णा निवडणुकीच्या तिकिटाच्या खटपटीला चार दिवस मुंबईला गेलते. कपाटाची चावी आईकडं. मी म्हटलं, पिस्तूल जरा चकचकीत करून ठेवू. दसऱ्याला आण्णा बघतील, चार माणसांसमोर म्हणतील की पोरानं केलं बघा. बस, एवढंच पाहिजे होतं मला. लायसन आण्णांचं, म्हणजे कायद्यानंसुद्धा मला हात लावायचा हक्क नव्हता. तरी लावला.

मुठीच्या पट्ट्या काढल्या आणि पाहतो तर आत लाल चिखल. अहो, दर दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करायचो ना — गोमूत्र शिंपडायचं, हळदकुंकू भरभरून वाहायचं, वर ओली झेंडूची फुलं. दिवसभर ते तसंच पाटावर. संध्याकाळी आई वरवर पुसून कपाटात ठेवायची. चाळीस-पन्नास वर्षांचं हळदकुंकू त्या पट्ट्यांखाली जाऊन बसलं होतं आणि त्याच्या खाली लोखंड गंजत होतं. आम्ही ज्याला पुजत होतो त्याला दरसाल थोडं थोडं खात होतो. इथंच थांबायला पाहिजे होतं. बीडला एक चाचा आहेत, बंदुका दुरुस्त करणारे, लायसनवाले. आण्णा आल्यावर त्यांच्याकडं न्यायचं, एवढी साधी गोष्ट.

पण मला ते माझ्या हातानं करायचं होतं. संडास धुवायचं तेजाब घरात होतं. ते फडक्यावर घेतलं आणि गंजावर चोळलं. गंज गेला — आणि त्याच्यासोबत ती निळी झाकही गेली. जिथं तिथं भुरकट पांढरे डाग, कोड फुटल्यासारखे. मग पॉलिश पेपरनं घासलं, तर जास्तच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डागांवर तांबूस गंज आला होता. आण्णा संध्याकाळी येणार! मग मी काय केलं असेल? हसाल तुम्ही. काळं बूट पॉलिश लावलं. अख्ख्या पिस्तुलाला. ब्रशनं घासून चमक आणली, वर तेल फासलं, चामडी पाकिटात घातलं आणि कपाटात ठेवून दिलं.

आणि माझं नशीब बघा, की आण्णांनी कपाट उघडायच्या आधी आचारसंहिता लागली. निवडणूक आली की लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची, हे आमच्याकडं ठरलेलंच. मीच पाकीट कपाटातून काढून घेतलं आणि आण्णा मला घेऊन ठाण्यात गेले. ते व्हरांड्यात माणसांच्या गराड्यात बोलत उभे राहिले आणि मला म्हणाले, जा, जमा कर.

आत मुद्देमालाच्या खोलीत भानुदास हवालदार. शिरूर कासारचे. वय पन्नाशीच्या पुढं, अक्षर मोत्यासारखं, आणि सगळं ठाणं त्यांना चिडवत असायचं — काय फौजदारसाहेब, म्हणून. कारण पुढच्या सालात ते सहाय्यक फौजदार होणार होते. खांद्यावर एक चांदणी लागायची होती. मला त्यांनी चहा पाजला. मग पिस्तूल पाकिटातून काढलं. मी म्हटलं, "मामा, तेल लई लावलंय, पुसू नका." त्यांनी अंगठ्यानं फक्त नंबर पुसला, वाचला, रजिस्टरात लिहिला आणि पुढं लिहिलं — स्थिती चांगली. आण्णांच्या घरचं हत्यार, त्यात काय बघायचं? इतका विश्वास. अंगठ्याला काळं लागलं ते त्यांनी फडक्याला पुसलं.

महिना-दीड महिन्यानं निकाल लागले. मधल्या काळात परतीचा पाऊस असा कोसळला होता की विचारू नका. आम्ही पिस्तूल आणायला गेलो. या वेळी आण्णांनी स्वतः पाकीट उघडलं. पॉलिश वाळून पापुद्रे निघालेले, खाली सगळा गंज. आण्णांचा आवाज अख्ख्या ठाण्यानं ऐकला. माझ्या बापाची वस्तू नासवली तुम्ही! कुणी केलं हे?

मी आण्णांच्या शेजारी उभा होतो. हातभर अंतरावर. त्या क्षणी मला बोलता आलं असतं का? आलं असतं. तोंड होतं, जीभ होती. आण्णांनी फार तर कानाखाली वाजवली असती.

पण माझ्या आधी भानुदास हवालदार बोलले. ते पिस्तुलाकडं बघत होते, मग वर छताकडं. म्हणाले, "सायेब, कोपऱ्यात गळतंय. म्या लक्ष द्यायला पायजे होतं. माजीच चूक हाय."

मी मनातल्या मनात काय म्हणालो, सांगू? सुटलो, म्हणालो. हेच म्हणालो. खोटं मी बोललोच नाही, मला बोलावंच लागलं नाही. एका भल्या माणसानं स्वतःवर घेतलं आणि मी मान खाली घालून उभा राहिलो.

आण्णा तिथं थांबणारे नव्हते. वर तक्रार केली. रजिस्टरात "स्थिती चांगली" असं हवालदारांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. त्यांना बचावच उरला नाही. चौकशी बसली, सर्व्हिस बुकात शेरा आला, त्यांची बदली झाली. चांदणी लागली नाही. पुढं ते हवालदार म्हणूनच रिटायर झाले. हे सगळं मला वेळोवेळी कळत गेलं. आणि दर वेळी मी म्हणायचो, आता सांगून काय उपयोग? चौकशी चालू होती तेव्हाही हेच म्हणायचो बरं का.

आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. पिस्तुलाचं लायसन माझ्या नावावर झालं. अखेर ते माझं काम झालं! गेल्या वर्षी बीडच्या चाचांकडं ते पुन्हा रंगवायला दिलं, जुनी निळी झाक आणायला. चाचांनी सगळे भाग सुटे केले, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "ये पानी का जंग नहीं है, भाऊ. तेजाब का काम है. किसने किया?" स्क्रूच्या आट्यांत अजून बूट पॉलिश होतं, तेही त्यांनी मला सुईच्या टोकानं काढून दाखवलं. आणि मी काय बोललो? ठाण्यात झालं, म्हणालो. विचार न करता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडानं बोललेलं खोटं, आणि किती सराईत निघालं.

दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून दसरा झाल्यावर शिरूरला गेलो. ठरवून गेलो, वाक्यसुद्धा पाठ करून गेलो — मामा, ते मी केलतं. पत्र्याचं घर, मागं माळावर सीताफळाची झाडं. म्हातारे वाळले होते, पण मला पाहताच लगबगीनं उठले. आण्णांची आठवण काढली, डोळ्यात पाणी आणलं. आणि मग स्वतःच विचारलं, ते पिस्तूल कसं हाय आता?

मी फोनवर फोटो दाखवला. चाचांनी काम फार सुंदर केलंय. ते फोन डोळ्याजवळ धरून किती तरी वेळ बघत बसले. म्हणाले, बरं झालं बाबा, जीवाला लागून राहिलतं. बदलीनंतर प्रत्येक ठाण्यात ते दर शनिवारी सगळी हत्यारं बाहेर काढून कोरडी करायचे म्हणे. चांदणीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाईनं चहा आणला. चहा संपला. त्यानंतरही वेळ होता, पुष्कळ होता. मी पावसापाण्यावर बोललो.

निघताना त्यांनी गाडीत सीताफळांची पाटी ठेवली. मग गाडीच्या खिडकीवर हात ठेवून वाकले. म्हणाले, "आण्णांची माफी मागायची राहून गेली. तुमी तरी माफ केलं म्हणा, बापू."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, "केलं, मामा. माणसाच्या हातून होतं."