भावजींनी लावलेले इंग्रजी दिवे

आमचे भावजी म्हणजे नवऱ्याचे धाकटे भाऊ. एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देण्यात त्यांची हयात गेली, पण आव असा, की ते हॉटेल त्यांच्या इंग्रजीवरच उभं होतं. आता निवृत्त झाले तरी चुकून फोन लावणाऱ्यालासुद्धा इंग्रजीत झापतात. मला त्यांचा मनापासून राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

माझी लेक आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते. परदेशातल्या एका कॉलेजात जाऊन तिला डोळ्यांचं शास्त्र शिकायचं होतं. इंग्रजी तिचं कामापुरतं, अडखळणारं. पण त्या कॉलेजात, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत अशा मुलांसाठी वेगळ्या जागा होत्या. पहिलं वर्ष भाषा शिकवायचे, मग पुढचं. आमच्यासाठीच काढल्यासारख्या जागा. तरी अर्ज भरायला घरातले जाणकार म्हणून भावजींना बसवलं आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

आधी त्यांनी तिचा निबंध निकालात काढला. तिने लिहिलं होतं, की नवा चष्मा लावल्यावर म्हातारी माणसं सगळ्यात आधी स्वतःचे हात बघतात. ते खोडून भावजींनी मानवजातीच्या दृष्टीवर पानभर पाल्हाळ लावलं. मग मातृभाषेच्या रकान्यात बिनदिक्कत ठोकून दिलं, इंग्रजी.

"काका, पण आईला तर इंग्रजी येत नाही," लेक म्हणाली.

"तुझ्या आईला कोण विचारतंय? पहिल्याच पानावर स्वतःला कमी दाखवायचं नसतं."

नवरा नुसती मान डोलावत राहिला. भावापुढे याची वाचा बसते, हे मी लग्नापासून बघतेय.

मुलाखत व्हिडिओवर होती. भावजी स्वतः दिसणार नव्हते, तरी टाय लावून टेबलाच्या कडेला बसले. मी लेकीसाठी पाण्याचा पेला घेऊन मागे उभी होते. पडद्यावरची बाई हसतमुख होती. तिने लेकीची घोकलेली उत्तरं ऐकून घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मागे आई उभी आहे का, तिच्याशी दोन शब्द बोलू का, असं ती म्हणत होती, हे मला नंतर कळलं. भावजींचा चेहरा उतरला. मला बाहेर जायची खूण करत ते दबक्या आवाजात लेकीला म्हणाले, "सांग, कामवाली आहे."

एवढं मात्र मला कळलं. त्यासाठी इंग्रजी लागत नव्हतं.

लेक उठली. तिने मला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या त्या अडखळत्या इंग्रजीत बाईला सांगितलं, की ही माझी आई, हिला इंग्रजी येत नाही, अर्जातलं ते खोटं आहे.

अर्ज रद्द झाला. खोटी माहिती दिली म्हणून. हवं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरा, असं कळवलं. लेक उशीत तोंड खुपसून रडली आणि भावजी नातेवाइकांत सांगत सुटले, की पोरीने हातातली जागा घालवली, एक साधं वाक्य बोलता आलं नाही तिला.

यंदा तिने स्वतःच अर्ज भरायला घेतला. परवा भावजी टाय लावून दारात हजर.

"वहिनी, या वेळी सगळं नीट बघून देतो."

मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, "आपण कोण?"