'नीरु बंतु' खेळ नेमका कुणाचा

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी उप्पिटाचा पहिला घास तोंडात घेतला आणि विचारलं, "हे नक्की तुम्हीच केलंय?" मी तशीच आत गेले आणि आईला म्हटलं, ह्या माणसाशी मला लग्न करायचं नाही. आई म्हणाली, असा माणूस कधी फसत नाही. आईचं काय जातंय बोलायला, तिला जावई हवा होता.

नागोजीराव सुलाखे. बेंगळूरच्या चिकपेटात आमची कितीतरी पिढ्यांची वस्ती. पूर्वजांचा धंदा कापड रंगवायचा, आता रंग गेला आणि रंगाऱ्यांचं आडनाव तेवढं राहिलं. ह्यांचा स्वभाव शंकेखोर, म्हणजे किती? दूध आलं की बोट बुडवून बघणार. ऑटोत बसले की बाहेर बघायचं नाही, घर येईपर्यंत नजर मीटरवर. सोनचाफ्याचा वास घेतला तरी म्हणणार, अत्तर शिंपडलंय काय गं? मी म्हणायचे, अहो, एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवून तर बघा, अंगाला खाज नाही सुटत. त्यावर नुसतं "हं" करायचे.

ह्यात त्यांचा सगळाच दोष नाही, धंदाच तसा होता. एसपी रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, त्यांचा छोटासा गाळा होता. टीव्हीला जोडून खेळायचे गेम येतात ना, ते दुरुस्त करायचे. नव्वद सालानंतर त्या गेमांचं पीकच आलं होतं. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 'शंभर खेळ एकात', आणि आत निघायचे पाच-सहाच. तोच विटा रचायचा खेळ, तोच सापाचा, तोच गोळ्या झाडायचा. नावं बदललेली, माणसाच्या टोपीचा रंग बदललेला, बाकी सगळी नक्कल. दिवसभर असल्या नकला उघडून बघायच्या, मग डोकं फिरणार नाही तर काय होणार! शेवटी शेवटी म्हणायला लागले, "वीणा, ह्या जगात कुणाला नवीन काही सुचत नाही. प्रत्येकानं कुठून तरी उचललेलं असतं."

अशात अठ्ठ्याण्णव साली दयानंद आमच्याकडं आला. बेळगावकडचा मुलगा, इंजिनियर, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. मारतहळ्ळीत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन तो हातात धरून खेळायचं यंत्र बनवत होता. तेव्हा मारतहळ्ळीला जायचं म्हणजे गावाला गेल्यासारखंच वाटायचं. यंत्राचं नाव पुटाणी, कानडीत पुटाणी म्हणजे चिमुरडं. पुटाणीत खरं वेगळेपण असं की ती कुणालाही खुली होती. मागचे स्क्रू काढा, आत बघा. कसं चालतं त्याची पुस्तिका डब्यातच. ज्याला जमेल त्यानं आपला खेळ लिहावा, नखाएवढ्या कार्डात भरावा आणि खेळावं, कुणाची परवानगी नको.

दयानंदला वाटलं होतं, सगळं बेंगळूर कॉम्प्युटर शिकतंय, नव्या खेळांचा पाऊस पडेल. आले तेही भरपूर, पण सगळे विटा आणि साप! एकानं तर विटांना इडल्या केलं आणि म्हणाला, हा माझा नवा खेळ. दयानंद बिचारा डोक्याला हात लावून आमच्या ओट्यावर बसला. "नागोजीराव, दसऱ्याला जयनगरच्या कल्याणमंटपात प्रदर्शन आहे. तिथं दाखवायला एक तरी अस्सल खेळ द्या हो. जो पहिला येईल तो प्रत्येक पुटाणीबरोबर जाणार, करणाऱ्याचं नाव डब्यावर छापून. नाहीतर लोक म्हणतील, नकलाच खेळायच्या तर हे यंत्र कशाला?"

ह्यांनी त्याला चहा पुढं केला. पण मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. 'नाव डब्यावर' म्हटल्यावर ह्यांची मान जरा ताठ झाली होती.

कारण ह्यांच्याकडं खेळ होता! गाळ्यावर जुळवलेल्या कॉम्प्युटरवर ह्यांनी तो स्वतः लिहिला होता. 'नीरु बंतु', पाणी आलं! आमच्या गल्लीतला सार्वजनिक नळ, त्याच्यापुढं लावलेली प्लास्टिकच्या कळशांची, आमच्या भाषेत बिंदग्यांची, रांग. पाणी येतं, धार कमी-जास्त होते, केव्हा जाईल भरवसा नाही. तुम्ही तुमचा बिंदगा पुढं सरकवायचा. शेजारीण गप्पा मारतामारता पायानं तिचा बिंदगा मध्ये घुसवते, तो हळूच मागं ढकलायचा, पण तिला दिसलं तर भांडण लागतं आणि भांडणात पाणी जातं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. हुबेहूब आमची शेजारीण भागुबाई! तीच कंबरेवर हात ठेवायची ढब.

"अहो, द्या की दयानंदला!" मी म्हटलं.

"स्वल्प थांब," म्हणाले. "हा मला सुचला कसा?"

"कसा म्हणजे? रोज नळावर उभं राहून."

"तसं नाही. मी काय हुशार आहे एवढा? इतकी वर्षं एवढ्या कॅसेटी उघडल्या, त्यातल्या कशात तरी बघितला असणार आणि विसरलो असणार. उद्या माझं नाव छापायचं आणि परवा कुणी येऊन म्हणायचं, चोर! पक्कं झाल्याशिवाय मी दयानंदला दाखवणारसुद्धा नाही."

घ्या! दूधवाल्यावर शंका, ऑटोवाल्यावर शंका, आणि आता स्वतःच्या डोक्यावर. मी हात टेकले.

मग ह्यांचा शोध सुरू झाला. खिशात पुटाणी आणि खेळाचं कार्ड घालून एसपी रोडवरची दुकानं पालथी घालायला लागले. प्रत्येकाला खेळ दाखवायचे आणि विचारायचे, "हा कुठं बघितलाय काय? कुणाचा आहे ठाऊक आहे?" कुणी म्हणे, बघितल्यासारखा वाटतो. झालं, लगेच पुढच्या दुकानात धाव! कुणी म्हणे, नाही बघितला. तरी समाधान नाही, घरी येऊन म्हणायचे, तो खोटं बोलत असेल. नरसिंह म्हणून एकजण घाऊक कार्डं विकायचा. तो म्हणाला, "अण्णा, ठेवून जा, मी चार लोकांना विचारतो." तर कार्ड खुशाल ठेवून आले! दुधात बोट घालणारा माणूस, ऐका तुम्ही. मी म्हटलं, "त्याच्यावर नाही आली शंका?" तर म्हणतात, "त्याला कशाला हवाय तो? माझा थोडाच आहे?"

दयानंदचे फोन येत होते. मीच एकदा सांगून टाकणार होते, पण ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि असं बघितलं की मी रिसीव्हर खाली ठेवला. रात्री जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. खेळ आपला ठरावा म्हणून जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. पण तसं म्हणायचं धाडस होत नव्हतं. मला चीड यायची आणि कीवही यायची.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी हे सकाळीच एकटे गेले. दुपारी परत आले ते अक्षरशः नाचत! चप्पल एक इकडं, एक तिकडं. "वीणा! सापडला! मी म्हणत होतो की नाही? सापडला!"

हातात नवी कोरी पुटाणी. डब्यावर छापलेलं, 'वॉटर वॉर', करणारा नरसिंह. "दयानंदला अखेरच्या दिवसांत अस्सल खेळ मिळाला म्हणे. बघ, हाच! नरसिंहचाच होता. वाचलो बघ मी! नाव दिलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती." इतकं हलकं झालेलं त्यांचं तोंड मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. घटाघटा पाणी प्यायले आणि खुर्चीत पसरले.

मी पुटाणी हातात घेतली. बिंदगे हिरव्याचे काळे झालेले, शेजारणीच्या डोक्यावर टोपी. बाकी तेच. आणि रांगेत सगळ्यात पुढं पितळेची घागर.

आता ही घागर काय ते सांगते. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की पहिली घागर अंबाभवानीच्या देवळाची. कुणाच्या घरी बाळंतीण असो की लग्न, ती भरून निघेपर्यंत दुसऱ्यानं बिंदगा पुढं करायचा नाही. पलीकडच्या गल्लीतसुद्धा ही रीत नाही, आमच्याच लोकांची. ह्यांनी खेळात ती घातली, कारण घागरीशिवाय नळ चालू होतो हे ह्यांना ठाऊकच नाही! तिच्या आधी बिंदगा सरकवला तर पाणी बंद, आणि ती भरल्याचे गुण मात्र शून्य.

"अहो," मी म्हटलं, "नरसिंह कुठला?"

"देवनहळ्ळीकडचा. का?"

"त्यांच्याकडं देवळाची घागर असते?"

ह्यांनी पुटाणी माझ्या हातातून घेतली. बघितलं, पुन्हा बघितलं. तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. तर काय म्हणावं? "तू कुणाला सांगितलं होतंस काय घागरीचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पातळ बदललं, ह्यांच्या दंडाला धरलं आणि ऑटोत घातलं. त्या दिवशी मीटरकडं बघितलं नाही ह्यांनी.

मंटपात, म्हणजे तिथल्या मंगल कार्यालयात, पुटाणीच्या टेबलाला गर्दी होती. दयानंद खुशीत होता, नरसिंह त्याच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मी सरळ पुटाणी त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, "नरसिंह, ही घागर सगळ्यात आधी का?"

"अक्का, ते बोनस आहे," तो म्हणाला.

"बोनस? गुण तर शून्य मिळतात."

तो जरा चाचरला. म्हणाला, म्हणजे पुढच्या भागात मिळतील. मी दयानंदला आमच्या गल्लीची रीत सांगितली. तो मुलगा कावराबावरा झाला. त्यानं एकदा नरसिंहकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. "नागोजीराव, खेळ तुमचा आहे? तुम्ही नुसतं हो म्हणा. मी आत्ता सगळ्या डब्यांवर तुमच्या नावाची पट्टी चिकटवतो."

तेवढ्यात नरसिंह बोलला, अगदी शांतपणे. "सार, ह्यांनीच माझ्याकडं येऊन विचारलं, हा खेळ कुणाचा. सगळ्या एसपी रोडला ठाऊक आहे. स्वतःचा असता तर असं विचारत कोण फिरेल? तुम्हीच सांगा, अण्णा, विचारलं होतं की नाही?"

ह्यांनी मान हलवली. "विचारलं होतं."

"ते राहू दे!" मी म्हटलं. "आता सांगा, कुणाचा?"

सगळे थांबले. ह्यांनी तोंड उघडलं. "माझा," म्हणाले. मला वाटलं, जिंकलो! देवा, एकदाचं बोलला हा माणूस! आणि त्याच श्वासात पुढं म्हणाले, "म्हणजे... मला तरी तसं वाटतंय."

"बघा, वाटतंय म्हणतायत," नरसिंह म्हणाला.

दयानंदनं हातातला डबा परत ढिगावर ठेवला. मग म्हणाला, "नागोजीराव, वाटतंय एवढ्यावर मी कुणाचं नाव कसं काढू?" आणि गिऱ्हाइकाकडं वळला. त्याचं तरी काय चुकलं? मी ह्यांच्या पाठीत धपाटा घालायचा तेवढा बाकी ठेवला.

परत येताना मार्केटची बस मिळाली. बायकांची जागा पुढं, पुरुषांची मागं, म्हणून मी पुढं बसले. रागानं मी मागं वळूनसुद्धा बघत नव्हते. टाउन हॉलच्या आसपास हे गर्दीतून वाट काढत पुढं आले, माझ्या सीटची दांडी धरून वाकले आणि हळूच म्हणाले, "वीणा, तिथं एक म्हातारे गृहस्थ खेळत होते, बघितलंस? शेजारणीचं भांडण लागलं तसे किती हसले. मी बघत होतो." बसनं वळण घेतलं तसे सावरून म्हणाले, "चांगला झालाय गं खेळ. कुणाचाही असू दे."

"तुमचा आहे हो!" मी भर बसमध्ये ओरडले. "तुमचा आहे, तुमचा!" कंडक्टरनं वळून बघितलं. हे गडबडून म्हणाले, "सरी, सरी, बरं, हळू बोल," आणि परत मागं, पुरुषांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. घर येईपर्यंत मी पदरानं डोळे पुसत होते.